मरणाच्या वाटेवरची शिदोरी

कॅथलिक परंपरेतल्या सात संस्कारांपैकी एक केवळ आजाऱ्यासाठी राखलेला आहे. धर्मगुरू घरी किंवा इस्पितळात येतो तेव्हा त्याच्याजवळ दोन लहान डब्या असतात. एकीत कापसाच्या बोळ्यात जिरवलेले तेल, दुसरीत ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती. अंगठा तेलाला लावून तो रुग्णाच्या कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर क्रूसाची खूण करतो आणि ठरलेली प्रार्थना म्हणतो. जमलेली माणसे ‘आमेन’ म्हणतात. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम. याचे मूळ नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे तिथे पाचव्या अध्यायात सांगितले आहे.

मध्ययुगात हा संस्कार सरकत सरकत मरणाच्या उंबऱ्याशी गेला आणि त्याला नावही ‘अंत्याभ्यंग’ पडले. परिणाम विचित्र झाला. फादर दारात दिसले म्हणजे आता आशा नाही, असा अर्थ निघू लागला. रुग्ण घाबरेल म्हणून घरचे बोलावणे लांबवू लागले. ज्याने धीर द्यायचा तोच यमदूतासारखा वाटू लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला. तो आता ‘रुग्णाभ्यंग’ झाला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणी थकल्यावर, एकाहून अधिक वेळाही तो घेता येतो. मरणकाळासाठी उरला तो ख्रिस्तप्रसाद. त्या वेळच्या प्रसादाला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकुम’ म्हणतात. रोमन काळात प्रवासाला निघालेल्याच्या वाटखर्चाला, बरोबरच्या सामानसुमानाला हा शब्द होता. मराठीत त्याला शिदोरीच म्हणावे लागेल. शिदोरीने वाट लहान होत नाही, ती चालायला बळ मिळते. ख्रिस्ती श्रद्धेचे आजारातले सामर्थ्य शोधायचे तर ते रोग पळवण्यात कमी आणि या अर्थाने सोबत करण्यात अधिक सापडते.

बायबलमध्ये चमत्काराने बरे होणारे पुष्कळ आहेत. प्रार्थनासभांच्या मांडवांत त्यांचीच उदाहरणे दिली जातात. बरे न झालेल्यांचा उल्लेख तिथे सहसा होत नाही. पौलाने आपल्या ‘शरीरातला काटा’ काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याच पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, म्हणजे सरळ घरगुती औषध सुचवले. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ‘भोग आहेत, भोगायलाच हवेत’ या भाषेत वाढलेल्या समाजाला हे उत्तर थांबून ऐकण्यासारखे आहे. ईयोबाच्या पुस्तकात तर रुग्णाला त्याचे पाप समजावून सांगणारे मित्रच शेवटी देवाच्या रोषाला पात्र ठरतात. तेच मित्र सुरुवातीचे सात दिवस मात्र त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट्याने बसून होते. तेवढेच त्यांचे बरोबर चालले होते.

ही शेजारी बसण्याची वृत्ती इतिहासात साथींच्या काळात कसाला लागली. तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिच्याविषयी लिहिले, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस एका पत्रात सांगतो की ख्रिस्ती लोक रोग्यांची सेवा करता करता स्वतः मेले, तर इतरांनी आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकले. बिशपच्या पत्रातली ही आत्मस्तुती थोडी वजा करूनच वाचावी. पण शंभर वर्षांनी सम्राट ज्युलियन याची साक्ष वेगळ्या तोलाची आहे. त्याला ख्रिस्ती धर्म मोडून काढायचा होता, आणि तोच चडफडून लिहितो की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमचेही पोसतात. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ च्या एका ग्रंथात यावर साधा तर्क मांडला: औषध नसतानाही वेळेवर पाणी, अन्न आणि ऊब मिळाली तर साथीत वाचणाऱ्यांची संख्या वाढते. याच परंपरेतून चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बॅसिल याने गावाबाहेर रुग्णालय आणि आश्रयस्थान उभारले. १८९४ मध्ये मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेले मिशन इस्पितळ त्याच वाटेवरचे. अशा सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतूही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोटात गाठ घेऊन आलेल्या खेडुताची शस्त्रक्रिया त्या हेतूने कमी खरी होत नाही.

श्रद्धेचे दुसरे रूप मुंबईत गल्लीच्या तोंडाशी उभे आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि पुढच्या काही वर्षांत वांद्रे, गिरगाव अशा वस्त्यांत ख्रिस्ती कुटुंबांनी व वाड्यांनी रक्षणासाठी क्रूस उभारले. त्याच शहरात जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकीन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूसाने साथ थांबली नाही. तरी भोवती माणसे जमत, जपमाळ म्हणत. घरे ओस पडत असताना मागे राहिलेल्यांना उभे राहायला तेवढी एक जागा होती.

प्रार्थनेने रोग बरा होतो का, हा प्रश्न विज्ञानाने थेट तपासून पाहिला आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी ख्रिस्ती गटांनी काही रुग्णांसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले, इतरांत ५१-५२. श्रद्धाळूंनी यावर रागावण्याचे कारण नाही. दूरच्या परक्याने कागदावरचे नाव वाचून केलेली प्रार्थना हीच मुळात याकोबाच्या पत्रातली कल्पना नव्हे. तिथे वडील मंडळी घरी येतात, हात लावतात.

याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाचा. वाढलेल्या कर्करोगाचे जे रुग्ण आजाराशी झुंजताना धर्माचा आधार अधिक घेत होते, त्यांच्यात शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार होण्याचे प्रमाण जास्त आढळले. ज्यांनी मरणाला सर्वांत कमी भ्यावे तेच त्याला सर्वांत उशिरापर्यंत अडवून धरतात, असा हा पेच. चमत्काराची वाट पाहणे आणि देवाच्या हाती सोपवणे या दोन्हींना श्रद्धाच म्हटले जाते, म्हणून तो निर्माण होतो. पुढे त्याच संशोधकांच्या वर्तुळाला आणखी एक गोष्ट दिसली: इस्पितळाच्या चमूनेच रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांकडे लक्ष दिले, तर असे रुग्ण हॉस्पिसची, म्हणजे मरणासन्नांच्या सेवाघराची, शांत शुश्रूषा अधिक स्वीकारतात.

आधुनिक हॉस्पिसचा उगमही याच श्रद्धेत आहे. सिसिली सॉंडर्स या आधी परिचारिका, मग इस्पितळातल्या समाजसेविका, शेवटी डॉक्टर झाल्या. १९४८ मध्ये लंडनला डेव्हिड टास्मा या मरणासन्न पोलिश ज्यू निर्वासिताशी त्यांच्या गप्पा होत. त्याने मागे ५०० पौंड ठेवले आणि ‘तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन’ अशा अर्थाचे काही सांगितले. त्या खिडकीभोवती सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहायला १९६७ उजाडले. सॉंडर्स कट्टर श्रद्धाळू, पण मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर, वेदना उसळण्याआधी द्यावे याबद्दलही तितक्याच कट्टर. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात माउंट मेरीजवळ कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केले. तिथे धर्मभगिनी कोणत्याही धर्माच्या रुग्णाची विनामूल्य सेवा करतात. उलट बाजूला कोलकात्याचे निर्मल हृदय, तेही मरणासन्नांचेच आश्रयस्थान. तिथल्या वेदनाशमनाच्या उणिवांवर १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टीका झाली. दुःखाला पवित्र मानता मानता गोळी द्यायची राहून गेली, तर ते श्रद्धेचे बळ नसून तिची चूक आहे.

श्रद्धा असली म्हणजे मरण सोपे जाते, हेही सरसकट खरे नाही. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये वेदनेच्या प्रश्नावर आत्मविश्वासाने पुस्तक लिहिले होते. १९६० मध्ये पत्नी कर्करोगाने गेली, तेव्हा त्यांच्या वह्यांत देवाविषयी संताप उतरला, आणि त्या वह्या १९६१ मध्ये त्यांनी टोपणनावाने पुस्तकरूपात छापल्या. ख्रिस्ती परंपरेला हा आक्रोश परका नाही. लाजराच्या थडग्याशी येशू स्वतः रडतो, आणि क्रूसावर तो उच्चारतो ते शब्द देवाने आपल्याला का सोडले असे विचारणाऱ्या स्तोत्राचे आहेत.

मरणानंतरच्या प्रार्थनेवर पंथांचे एकमत नाही. बहुतेक प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत; त्यांच्या मते आता सारे देवाच्या हाती गेले, उपासना मागे उरलेल्यांच्या सांत्वनासाठी. कॅथलिक मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कुटुंबे दफनभूमीत जातात, थडगी झाडून-धुऊन फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि त्या वर्षी ज्यांच्या घरी माणूस गेलेले असते त्यांच्यापाशी ओळखीचे लोक थोडा वेळ थांबतात.