कुंपणावरची मेंदी

हैदराबादेतील जुन्या घरांना अजून कोठे कोठे मेंदीचे कुंपण दिसते. कातरलेल्या कुंपणाला फूल क्वचितच येते; पण एखादे झुडूप मोकळे सुटले, म्हणजे त्यावर बारीक पांढुरक्या फुलांचे तुरे लागतात आणि संध्याकाळी वास रस्त्यापर्यंत येतो. चारमिनारजवळचे अत्तरवाले या फुलांचे अत्तर विकतात. पान मात्र हिरवेच. त्यातला तांबडा रंग वाटल्यावाचून दिसत नाही.

या झुडपावरून आमच्या मंडळीत एका लग्नाच्या आदल्या दिवशी वाद झाला. नवरीला मेंदी लावायची होती. आजी म्हणाल्या, "आपल्यात नसते लावायचे." नवरीने विचारले, "कुठे लिहिले आहे?" दोघींनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही.

शास्त्रात मेंदी निषिद्ध म्हणून कोठेही नाही. उलट गीतरत्न १:१४ मध्ये मृत समुद्राकाठच्या एन-गेदी येथील तिच्या फुलांची उपमा प्रियकराला दिली आहे. मूळ इब्री शब्द 'कोफेर'. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'कँफायर' आहे. पुढच्या भाषांतरकारांनी ती मेंदी म्हणून ओळखली. 'कोफेर' अन्यत्र खंडणी या अर्थानेही येतो. त्यावर कोणी उपदेशाची इमारत उभारतात; आम्हांला ते ओढूनताणून वाटते. फूल फूलच राहू द्यावे.

मग मेंदी कोणाची? शेजारच्या तेलुगू बायका आषाढात 'गोरिंटाकू' म्हणून ती लावतात, मुसलमान घरांत ईदेला आणि लग्नात, आमच्या मराठवाड्याकडे नागपंचमीला. पान एकच, रंगही एकच, आणि दोन-तीन आठवड्यांत तो कातडीबरोबर झडतो. पानाला धर्म नसतो, एवढे म्हणून आम्हांला मोकळे होता आले असते.

पण आजींच्या आईने बाप्तिस्मा घेतला तेव्हा कुंकू, मेंदी आणि माहेर ही एकाच दिवशी सुटली. त्या बाईचे कोरे हात हीच तिची साक्ष होती. मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौल लिहितो (१ करिंथ. ८), तेथे दुर्बळ विवेकाच्या भावासाठी तो स्वतः मांस सोडायला तयार होतो. तोच पौल दहाव्या अध्यायात विचारतो, की दुसऱ्याच्या विवेकाने माझ्या मोकळिकेचा न्याय का व्हावा? आपण पहिला उतारा शिकवतो. दुसरा सहसा गाळतो. आमच्या मते हक्क नवरीचाच होता. आजींना दुर्बळ म्हणायला मात्र आमची जीभ वळत नाही.

चूक आमची, शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्यांची. 'आपल्यात नसते' हा नियम आम्ही पोरांना दिला. तो कोणी, काय गमावून पाळला, ते सांगितलेच नाही.

त्या संध्याकाळी आजींनी आपल्या आईची हकिगत सांगितली. नवरीने ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. वाटलेली मेंदी वाटीत सुकू लागली होती. शेवटी आजींनीच थोडे पाणी घालून ती कालवली. रात्री ती लागली, फक्त तळहातांवर. आजी शेजारी बसून होत्या, हात पदराखाली घेऊन.