दामाजीला तरी कुठं ठाऊक होतं

दामाजीपंतांची गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून ऐकतो. बिदरच्या बादशहाचा मंगळवेढ्यातला अधिकारी, दुष्काळात त्याने सरकारी धान्याची कोठारे उपाशी माणसांसाठी उघडली, बादशहाने त्याला पकडून आणायला शिपाई धाडले, आणि तो बिदरला पोचायच्या आतच विठोबा विठू महाराच्या वेशात दरबारी गेला, धान्याचा सगळा पैसा भरून पावती घेऊन आला. महिपतींच्या ‘भक्तविजया’तून, कीर्तनातून, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ही कथा इतक्यांदा कानावर पडलेली असते की दुष्काळाचे नाव निघताच आपल्याला पावती दिसू लागते. मधली भीती मग आपल्या लक्षातच राहत नाही. कोठाराचे कुलूप काढताना दामाजीपंतांच्या हाती कसलीही पावती नव्हती. बिदरची शिक्षा मात्र डोळ्यांसमोर होती.

ही मधली भीती जिला नीट कळली होती अशा एका म्हातारीची ही कथा. गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे, काळ्या रानाचे. मालदांडी ज्वारीसाठी नावाजलेला हा मुलूख. थंडीत हुरडा, उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी. पण साल होते 1972. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. रानात पेरलेले उगवले नव्हते आणि उगवलेले जनावरांनी ओरबाडून खाल्ले होते. गडीमाणसे सरकारी कामावर खडी फोडायला जात होती, बायका पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहत होत्या. पोरांना सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे, तिची भाकरी घशाखाली उतरता उतरत नसे. तीही दर आठवड्याला येईलच असे नव्हते.

म्हातारीला सारे गाव आक्का म्हणे. नवरा वारलेला, मुलगा आणि सून कामावर, घरात सोळा वर्षांचा नातू आणि धाकट्या दोन नाती. वाड्याच्या चौकात एक पेव होते. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड, आत मात्र खोलीएवढे पोट. तळाला आणि भिंतींना कडब्याचे अस्तर, तोंडावर सपाट दगड आणि दगडाच्या कडांना चिखलाचा लेप. चांगल्या सालातली ज्वारी त्यात साठवलेली होती. असे पेव अजून भरलेले असणारे घर गावात दुसरे नव्हते.

पौषात आक्काने पेव उघडायचे ठरवले, आपल्या घरासाठी आणि गावासाठीही. दर आठ दिवसांनी एकदा दगड काढायचा, ज्या घरची चूल पेटत नसेल त्या घराला माणशी हिशेबाने माप घालायचे.

दिराने समजावून पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने बोटांवर हिशेब मांडून दाखवला. “वहिनी, तुमच्या घरची तोंडं सहा. हे धान्य तुम्हाला दोन वर्षं पुरेल. गावाला वाटलंत तर चैत्रात तळ दिसेल. पुढच्या मिरगाला पाऊस आला नाही तर नातवंडांना काय दगड शिजवून घालणार? दामाजीपंतांची गोष्ट सांगू नका मला. त्यांच्या मागं विठोबा उभा होता.”

“दामाजीला तरी कुठं ठाऊक होतं, भावजी?” आक्का म्हणाली. “त्यानं आधी दार उघडलं. विठोबा मागनं आला.”

आणि दगड हलवला गेला.

पेव उघडणे हे जपून करायचे काम. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या धान्याची वाफ आत कोंदते. तिला आंबूस वास असतो, डोळे चुरचुरतात, आणि गडी बेसावध उतरला तर दोन श्वासांत तो खाली कोसळतो. म्हणून जुनी माणसे तोंड उघडून पेव दिवसभर तसेच ठेवत. मग दोरीला दिवा बांधून आत सोडत. दिवा तळापर्यंत तेवत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर गोधडी वरखाली हलवून आतली हवा ढवळायची आणि पुन्हा थांबायचे. आक्काने नातवाला हे सारे शिकवले होते. पहिल्या काही वेळा तिने स्वतः दिवा सोडला.

माप घ्यायला सगळे गाव येई. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलेही येत. 1956 नंतर त्या वस्तीतल्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, मेलेली ढोरे ओढणे सोडले होते, पोरे शाळेत घातली होती. गावाच्या वागण्यात मात्र फारसा बदल नव्हता. आक्का त्यांना धान्य देई, मापात कधी काटछाट करत नसे, पण देई ते उंबऱ्याच्या आतून. ते बाहेर पायरीखाली उभे राहत आणि ती वरून त्यांच्या पोत्यात धान्य ओती. तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. ज्या घरात जन्म गेला त्या घरची रीत होती ती.

वस्तीतला एक तरुण मात्र वरून टाकलेले घेत नसे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खडीच्या कामावर हजेरी लिहिणारा. तो म्हणे, “आक्का, माप माझ्या हातात द्या. मी ओतून घेतो.” पहिल्यांदा ती घुटमळली. मग तिने माप पायरीवर ठेवले आणि त्याने ते उचलून घेतले. पुढे दर वेळी तसेच चालू राहिले. हातातून हातात माप काही गेले नाही.

दिराचा हिशेब अगदी खरा ठरला. चैत्रात तळ दिसू लागला. पेवात आता कमरेइतकीही ज्वारी नव्हती, आणि खोली वाढली तशी वाफही तळाशी जास्त साचू लागली होती. त्या दिवशी आक्का देवळात गेलेली. चौकात माणसे खोळंबली होती, ऊन चढत होते. नातवाने दगड सरकवला आणि दिवा न सोडताच दोर धरून आत उतरला. पोर वयाने सोळाचे, रोजचे काम, आजवर काही झाले नव्हते. आतून एकदा पाटीचा आवाज आला. मग काहीच नाही.

कुणीतरी हाक मारली, उत्तर आले नाही. आक्का धावत आली तेव्हा पेवाच्या तोंडाभोवती कडे झाले होते आणि खाली कुणी उतरत नव्हते. भित्री माणसे नव्हती ती. पण पेवात पडलेल्या एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक असते. दीर कपाळाला हात लावून म्हणाला, “वहिनी, एवढं धर्म करून हे फळ?”

आक्काने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने एकदाच हाक मारली, “विठ्ठला!” आणि तिची नजर दाराकडे गेली. उंबऱ्याबाहेर, रिकामे पोते हातात घेऊन, तो तरुण उभा होता. तो आत येऊ शकत होता, त्याला कुणी बांधून ठेवले नव्हते. पण वाड्याच्या चौकात त्याच्या घरातले कुणी कधी पाऊल टाकलेले नव्हते, आणि चौकातल्या दहा माणसांपैकी एकानेही त्याला या म्हटले नव्हते.

इथे ही कथा थोडी थांबवावीशी वाटते. देवावर भरवसा असणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. संकटात ती मनापासून धावा करतात. पण मदत कुठून यावी, कुणाच्या हातून यावी, कोणत्या दाराने यावी, हे त्यांचे आधीच ठरलेले असते. त्या दाराने ती आली नाही की देवाने ऐकले नाही म्हणून मोकळे होतात. दामाजीपंतांची कथा लहानपणापासून सांगणाऱ्या आपल्या समाजाला विठोबाने त्या दिवशी नेमका कोणता वेश घेतला होता, हे कसे विसरता आले, याचे मला फार दुःख वाटते. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याचाच वेश त्याने निवडला होता.

आक्काला ते त्या क्षणी आठवले की नाही, कुणास ठाऊक. ती ओरडली, “आत ये, लेकरा! बघतोस काय, आत ये!”

तो आला. त्याने कुणाला काही विचारले नाही. दोर कमरेला बांधला, दुसरे टोक जमलेल्या लोकांच्या हातात दिले, एक गोधडी पेवाच्या तोंडातून जोरजोराने खालीवर हलवली, छाती भरून श्वास घेतला आणि श्वास रोखून उतरला. वरच्यांनी दोर धरला. ज्यांनी आजवर त्याची सावली टाळली त्यांनीही धरला. तळाशी त्याने पोराच्या काखेतून दोराचा वेढा घातला, दोन हिसके दिले, आणि आधी पोर वर आले, मागून तोही आला, काळानिळा होऊन. पोराला बाहेर उताणे झोपवले, वारा घातला. बऱ्याच वेळाने त्याने खोकून डोळे उघडले.

संध्याकाळी आक्का वस्तीत गेली. गावातल्या सगळ्यांनी तिला जाताना पाहिले. तरुणाच्या दारात बसून ती म्हणाली, “माझ्या हाकेला विठू धावला रे.”

त्याने शांतपणे सांगितले, “आक्का, मला विठू म्हणू नका. मी देव मानत नाही. पोर मरतंय म्हणून उतरलो.” मग जरा थांबून म्हणाला, “याच मंगळवेढ्यात भिंतीचं काम करताना चोखोबा ढिगाऱ्याखाली गाडला गेला. तो तर रात्रंदिवस विठ्ठलाचं नाव घेत होता. त्याला कुठं बाहेर काढलं तुमच्या विठ्ठलानं?”

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता आणि तिने तो टाळलाही नाही. “खरं आहे,” ती म्हणाली. “तेव्हा कुणी उतरलं नाही. आज तू उतरलास.” आणि उठताना म्हणाली, “तू त्याला नको मानू, बाळा. त्यानं तुला मानलंय एवढं मला दिसलं. तेवढं मला म्हणू दे.”

तो हसला. त्याच्या आईने आक्काला चहा दिला. आक्काने तो तिथेच बसून प्यायला.

पेव चैत्रअखेर रिकामे झाले. मग आक्काही पाटी घेऊन तलावाच्या कामावर गेली, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी झाल्या, नातींनी तोंडे वाकडी केली आणि खाल्ल्या. चमत्कार काही झाला नाही. कुणी पोती आणून ओतली नाहीत. भीतीही गेली नव्हती, रात्री तिला झोप लागत नसे. पण सकाळी उठून ती कामावर जाई, आणि कुणी विचारले तर सांगे की भार विठ्ठलावर टाकलाय. नातवाला मात्र तिने बजावले होते, “भार त्याच्यावर टाकायचा, पण दिवा आपण सोडायचा. तेवढं काम त्यानं आपल्याला दिलंय.”

1973 साली पाऊस आला, आणि चांगला आला. ज्वारी कमरेच्या वर गेली. पुढच्या सुगीनंतर पेवाला नवा कडबा लावून ते पुन्हा भरायचे ठरले. दिवा सोडला, तो तळापर्यंत तेवत राहिला. आत उतरून अस्तर लावणाऱ्यांत नातू होता आणि तो तरुणही होता. भरून उरलेल्या ज्वारीचे पहिले माप आक्काने भरले आणि त्याच्या हातात दिले. वाड्याचे दार त्या दिवसापासून वस्तीसाठी उघडे राहिले. दिराने वर्षभर कुरकुर केली, मग तीही थांबली.