सायलेन्सर बदलण्याआधी

सातारा

चि. बंड्यास,


बुलेटचा सायलेन्सर सडला आणि त्या निमित्ताने तू मोठ्या आवाजाचा ‘पंजाब’ बसवायचं म्हणतोस, असं ताईकडून कळलं. आधी तो सडला का ते ऐक. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला ते वाफ होऊन निघून जातं. तू घर ते ऑफिस जेमतेम दोन किलोमीटर जातोस. नळी तापायच्या आत गाडी बंद आणि पाणी आतच. गंज पावसाने नव्हे, आतून लागलाय. नवा कुठलाही बसव, पण आठवड्यातून एकदा तरी गाडी कात्रज घाटापलीकडे पळव.

आता आवाजाचं. ‘पंजाब’ काय नि ‘इंदोरी’ काय, दुकानात ज्यांची चलती आहे त्यांच्या आतले आवाज दाबणारे बॅफल बहुधा गायब असतात किंवा नावापुरते. आवाज वाढला की ताकद वाढली असं कानाला वाटतं, चाकाला त्याचा पत्ता नसतो. तुझं इंजिन 346 सीसीचं, कार्बोरेटरवालं. नळी मोकळी झाली की ते हवा जास्त ओढतं, पण पेट्रोल जुन्याच जेटमधून येतं. मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं, प्लग काढून पाहावा तर पांढराफटक. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जे फटाके वाजतात ना, ते पोरं मिरवतात. मिस्त्रीला मात्र ऐकू येतं की जेट बदललेला नाही, नाहीतर पॅकिंग लीक आहे.

शिवाय 175 सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर तीन महिने लायसन्सला मुकायचं. पुण्यात जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेला तू पेपरात पाहिला असशीलच.

तुझ्या मित्राची गाडी बीएस-6, म्हणून तिचं उदाहरण घेऊ नकोस. तिच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे महागडे धातू वापरतात. ‘जुना इथेच ठेवून जा’ असं दुकानदार इतक्या प्रेमाने का म्हणतो, ते मित्राला सांग.

तू कंपनीचाच घे. गंजाचा फारच वैताग असेल तर त्याच मापाचा, बॅफल शाबूत असलेला स्टेनलेस स्टीलचा घे. मी अपग्रेड म्हणतो ते यालाच.

बसवताना घाई करू नकोस. हेडवरच्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार. सकाळी जोर लावण्याआधी नट थोडा मागे, थोडा पुढे असा हलव. स्टड हेडमध्ये तुटला तर सायलेन्सरपेक्षा जास्त खर्च लेथवाल्याकडे होईल. जुनं पॅकिंग चांगलं दिसलं तरी फेक. आधी सगळे बोल्ट हातानेच लाव, मग हेडकडचे आवळ, शेवटी मागचा ब्रॅकेट. उलट केलंस तर नळी ताणावर बसते आणि तडकते. सुरू करण्याआधी क्रोमवरचे बोटांचे ठसे पुसून घे, नाहीतर ते कायमचे भाजले जातात.

दिवाळीला येशील तेव्हा इथेच बसवू. येताना बेंड पाइपचं पॅकिंग तिकडूनच आण, दोन आण. इथल्या दुकानात मापाचं मिळेलच असं नाही.

तुझा,
मामा