रवणाला बसवण्याआधी

चि. सोनू,


तुझा निरोप मिळाला. मागीलदारी खुराडा बांधून झाला, उबवणीची पेटीही आली, आता पंचवीस गावठी अंडी पाठव म्हणतेस. अंडी आहेत, पण मी अकराच पाठवते आहे. का, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पंचवीस अंड्यांतून समज अठरा पिल्लं निघाली. त्यातली निम्मी, एखाददुसरं इकडे तिकडे, कोंबडे असणार. गावठी पिल्लात नर कोण नि मादी कोण हे पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. दीड-दोन महिन्यांनी ज्याचा तुरा लाल आणि जाड व्हायला लागतो तो कोंबडा, आणि तोवर तू त्याला नाव ठेवलेलं असतं. आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा पुरतो. नऊ ठेवलेस तर ते कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतील आणि एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतील. म्हणून अंडी अकराच, आणि तीही बसवायच्या आधीच ठरव, कोंबडे कुठे जाणार. आपल्याकडे राखणदाराच्या राखणीला कोंबडा लागतो, मे महिन्यात चाकरमानी आले की गावठी कोंबड्याला दहा घरांतून मागणी येते, आषाढ संपता संपता तर विचारायलाच नको. आत्ता दिवाळीनंतर बसवलेल्या अंड्यांतले कोंबडे मेपर्यंत पाच महिन्यांचे होतात, हिशेब बरोबर जुळतो. कोंबडे असे देऊन टाकणं तुझ्याच्याने होणार नसेल तरी त्यात कमीपणा काही नाही. मग अंडी उबवायला रवण घालू नकोस, कुणाकडून तरी चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, घे आणि अंडी खा. मात्र नको झालेला कोंबडा देवळाच्या रानात नेऊन सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. ती दया नव्हे. घरचा कोंबडा रानात सहसा पहिली रात्र काढत नाही, कोल्हा त्याला नेतो.

आता पेटीचं. पेटी वाईट नाही. साडेसदतीस अंश उष्णता, आत पाण्याची वाटी, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, हे जमलं तर पिल्लं निघतात. पण तुमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, आणि पेटी पिल्लं काढते, वाढवत नाही. पुढचे पाच आठवडे त्यांना ऊब कोण देणार, घार आली की पंखाखाली कोण घेणार? म्हणून अंड्यांबरोबर मी माझी काळी कोंबडी पाठवते आहे. चार दिवसांपासून ती खुडूक आहे. रात्रीसुद्धा टोपली सोडत नाही, हात नेला की अंग फुगवून कॉक कॉक करते, पोटाखालची पिसं उपटून तिने टोपलीत पसरली आहेत. पुण्याला खडकीहून किंवा कोल्हापूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून गिरिराज, वनराज घेतलेस तर अंडी भरपूर मिळतील, पण त्या जाती सहसा रवणाला बसत नाहीत. बसणारी ती आपली गावठीच. ज्यांना खुडूक कोंबडी नको असते ते लोक नाकपुडीत पीस खुपसून तिची खुडूक मोडतात. तू कधीच तसं करू नकोस. तळ उघडा असलेल्या खोक्यात तीन-चार दिवस ठेवली, दाणापाणी दिलं, की पोटाला वारा लागून ती आपोआप उठते.

अंडी सगळी याच आठवड्यातली आहेत, फ्रीजमध्ये ठेवलेली नाहीत. एसटीच्या हादऱ्यांनंतर एक रात्र निमुळतं टोक खाली करून ठेव, लगेच बसवू नकोस. कोंबडीलाही जागा बदलल्यावर बसायचं मन राहत नाही, तेव्हा काळोख पडल्यावरच तिला टोपलीत ठेव, खाली दोन शिळी अंडी दे, वर डालगं घाल. दुसऱ्या रात्रीपर्यंत ती बसून राहिली तर हळूच शिळी काढून खरी सरकव. टोपलीत भाताचं तूस, वर सुका पेंढा. माझी आजी अंड्यांत लोखंडाचा खिळा ठेवायची, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. मीही ठेवते, तिची आठवण म्हणून. दिवसातून एकदाच ती उठेल, दाणा खाईल, पाणी पिईल, घाण करेल आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसेल. तेव्हा तिला अडवू नकोस.

सातव्या रात्री खोलीत काळोख करून मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडं धर. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय, नुसतं पिवळं पारदर्शक दिसलं तर काढून टाक. आणि विसाव्या दिवशी एक अंडं अलगद कानाला लाव. आतून चोचीची टकटक ऐकू येते, कधी बारीक चिवचिवही. मी पन्नास वर्षं ऐकते आहे, अजून हात थरथरतो. एकविसाव्या दिवशी कवचाला टवका पडतो, आणि मग पिल्लू तासन् तास काहीच करत नाही. त्या वेळी मदतीला धावू नकोस. आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लात ओढलं जात असतं, तू सोललंस की ते रक्त वाहून जातं. निघाल्यावरही दाण्याची घाई नको, पोटातल्या बलकावर त्याचे दोन दिवस निघतात. मग बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी. ताटलीत चार खडे टाक, नाहीतर पिल्लं बुडतात.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. तू लहान होतीस. मी बाजारातून तीन तलंगा आणल्या, दिसायला तजेलदार, आणि त्याच संध्याकाळी माझ्या चौदा कोंबड्यांत सोडल्या. चौथ्या दिवशी एकीने मान पाठीवर टाकली. हिरवी हगवण, पाय लुळे. मानमोडी. आठ दिवसांत सतरांतल्या तीन उरल्या, आणि शेजारच्या घरीही माझ्यामुळे रोग गेला. तिथल्या बाईने मला शब्दाने बोलून दाखवलं नाही, तेच अजून टोचतं. म्हणून बाहेरून आलेलं पाखरू, माझ्याकडून आलेलंसुद्धा, तीन आठवडे वेगळं ठेव. त्याला दाणापाणी आपल्या कोंबड्यांनंतर द्यायचं, आधी नाही. घेताना डोळे पाणावलेत का बघ, पंखाखाली उवा बघ, शेपटीखाली घाण चिकटलीय का बघ, पायावरचे खवले उचललेत का बघ. आणि बाजारात विकत घेण्यापेक्षा ज्याचा खुराडा तू डोळ्यांनी पाहिला आहेस त्याच्याकडून घे.

लस चुकवू नकोस. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, सहा आठवड्यांनी देवी रोगाची, आठव्या आठवड्याला मानमोडीची पुढची टोचणी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. अडचण एवढीच, की कुपी शंभरेक पिल्लांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तुझ्या आठ पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायकांशी आधी ओळख कर. आम्ही पाच घरं एकाच सकाळी पडवीत जमतो, पिल्लं टोपल्यांत घेऊन. तिथेच कुणाला कोंबडा हवा, कुणाची खुडूक बसली, कुणाकडे तलंगा जास्त झाल्या, सगळं कळतं. तुझे कोंबडेही तिथूनच घरं शोधतील.

पिल्लं कुणाला दिलीस तर आईपासून तोडून सहा आठवड्यांच्या आत देऊ नकोस, आणि एकटं कधीच देऊ नकोस. नव्या खुराड्यात एकट्या पाखराला सगळ्या मिळून टोचतात. दोन द्यायची, रात्री खुराड्यातून उचलून, दोन्ही हातांनी पंख दाबून. पाय धरून उलटी लटकवून नाही. आणि घेणाऱ्याला सांग, चार-पाच दिवस कोंडून ठेव, मग संध्याकाळी उशिरा दार उघड, म्हणजे ती लांब जाणार नाहीत आणि काळोख पडताच परत येतील.

काळी उद्या दुपारच्या एसटीने निघेल. तुझा भाऊ घेऊन येतोय, टोपली मांडीवरच ठेव म्हणून बजावलं आहे. तिला पितळी वाटीतलं पाणी आवडत नाही, मातीचं परळ ठेव. पिल्लं दोन महिन्यांची झाली की ती पुन्हा अंड्यावर येईल, तेव्हा तिला माझ्याकडे परत पाठव. इथे कोंबडा तिला शोधतोय.

तुझी,
आत्या