पाळक कुठे घडतो?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. लोकांसमोर उभे राहण्याआधी समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षे साधना केली, असे परंपरा सांगते. याच जिल्ह्यात, जालना शहराजवळ, बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेले हे ख्रिस्ती गाव. दोन्ही ठिकाणे एकच प्रश्न विचारतात. जो इतरांना देवाची वाट दाखवणार, त्याची स्वतःची तयारी कशी व्हावी, आणि कोणासमोर व्हावी?

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी हा प्रश्न आज नेटाने हाती घ्यायला हवा. पुणे हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. कॅन्डीत १८९३ साली सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये तिथे आली. यवतमाळला १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये आली. अशा संस्थांत विद्यार्थी हिब्रू, ग्रीक, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, उपदेशाची कला असे बरेच काही शिकतो. हे शिक्षण हवेच. कच्च्या अभ्यासावर केलेला उपदेश ऐकणाऱ्यांची दिशाभूल करतो. पण पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण पाळक एखाद्या मयताच्या घरी जातो, दारूने मोडलेल्या संसारात जातो, भावकीच्या भांडणात मध्ये पडतो, तेव्हा लोकांना त्याची गुणपत्रिका दिसत नाही. त्यांना त्याचा संयम दिसतो किंवा त्याचा अहंकार दिसतो.

सेमिनरी ही संस्थाच मुळात धर्मगुरूच्या तयारीच्या काळजीतून जन्मली. त्याआधी अनेक धर्मगुरू एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूच्या हाताखाली जमेल तेवढे शिकत आणि वेदीपुढे उभे राहत. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात प्रशिक्षणगृह असावे असा आदेश दिला. मुलांना लहान वयात जगाच्या ओढीपासून दूर न्यावे, शिस्तीत वाढवावे, ही त्यामागची कल्पना होती. त्यातून शिकलेले धर्मगुरू मिळाले. पण ज्यांची सेवा करायची, त्यांच्यापासूनचे अंतरही त्याच भिंतींनी वाढवले. चार शतकांनंतर, १९९२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या घडणीची मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय अशी चार अंगे सांगितली. ही अंगे एकमेकांत मिसळली नाहीत, तर प्रार्थना एका खोलीत आणि माणसे दुसऱ्या खोलीत राहतात.

माझे म्हणणे असे आहे: प्रार्थनेची सवय सेमिनरी लावू शकते, त्या प्रार्थनेचा कस मात्र माणसांत लागतो. हा कस दीक्षेनंतरच्या आयुष्यावर सोडून देणे चूक आहे. तो प्रशिक्षणाच्या मध्यावरच लागायला हवा.

नारायण शेषाद्रींचे आयुष्य याची साक्ष देते. मुंबईत स्कॉटिश मिशनरींच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. त्याने ख्रिस्ती घरात अन्न घेतले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. कोणाच्या पंगतीला बसलो एवढ्यावरून घर, नाते आणि समाज तुटत होता, असा तो काळ. श्रद्धेची किंमत नारायणरावांना पहिल्याच वर्षी कळली.

त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १८५४ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत ते ईश्वरविज्ञान शिकले आणि त्यांनी लोकांत कामही केले. पुढे १८६०च्या दशकात ते जालन्यात आले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवले. तिथे राहायला आलेली कुटुंबे बहुतांश मातंग आणि महार समाजांतली होती. ज्यांची सावलीही टाळावी असे संस्कार ज्या समाजात मुलांवर होत, त्या समाजातून आलेला हा माणूस त्यांचा पाळक झाला, त्यांच्या शाळेची आणि शेतीची चिंता वाहू लागला. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाषण केले. ती कीर्ती मोठीच. पण त्यांच्या आध्यात्मिक घडणीचा खरा पुरावा मला जालन्याजवळच्या त्या वस्तीत दिसतो.

कारण जात ही मनात फार खोल बसलेली गोष्ट आहे. ती व्याख्यानाने निघत नाही, आणि एकांतातल्या प्रार्थनेनेही आपोआप निघत नाही. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावरून गेल्यानंतरही ती भारतातल्या चर्चमध्ये टिकली: बसण्याच्या जागांत, सोयरिकीत, काही प्रांतांत तर दफनभूमीतही. म्हणून आपल्याकडे आध्यात्मिक घडणीची पहिली कसोटी ही की, विद्यार्थी कोणाच्या घरी जेवतो, कोणाचे ऐकतो, आणि कोणाकडून चूक दाखवून घेतो.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या लिहू शकणारा हा परदेशी धर्मगुरू मधली जवळपास चार दशके साष्टीच्या लोकांची बोली कानात साठवत होता. इतके दीर्घ ऐकणे ही माझ्या मते साधनाच आहे. नारायण वामन टिळकांनी दुसऱ्या बाजूने तीच वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरला मिशनच्या सेवेत वर्षानुवर्षे काम केले, १९०४ मध्ये दीक्षा घेतली, आणि अखेर १९१७ मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर पडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, अशी त्यांची धडपड होती. दोनच वर्षांत ते गेले. पण ख्रिस्ती भक्तीला मराठी मातीतले भजन-कीर्तन लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. विद्यार्थ्याला लोकांत फार लवकर ढकलले, तर तो कामाच्या रेट्यात आतून कोरडा पडेल. हे खरे आहे. जर्मनीत डीट्रिश बोनहॉफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डे इथे चालवलेल्या सेमिनरीत रोज ठरलेला वेळ मौनात, वचनाच्या चिंतनात जात असे. गैरहजर बंधूबद्दल त्याच्या माघारी बोलायचे नाही, असाही तिथे नियम होता. ही मठातली रीत झाली, अशी टीका झाली. पण तेच विद्यार्थी नाझी राजवटीच्या दडपणाखाली मंडळ्या सांभाळणार होते. १९३७ मध्ये गेस्टापोने ती सेमिनरी बंद केली. तिथले मौन पळवाट नव्हते. म्हणून एकांत आणि लोकसंग, दोन्हींना वेळापत्रकात हक्काची जागा हवी.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आध्यात्मिकतेला गुण देऊ नयेत. गुणांसाठी केलेली प्रार्थना दिखाऊ होते. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेतला २४०वा नियम इथे शहाणपणाचा आहे: दीक्षेचा निर्णय घेताना विद्यार्थ्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा कबुली ऐकणाऱ्याचे मत कधीही मागायचे नाही. ज्याच्यापुढे मन उघडायचे, तोच परीक्षक असेल तर मन उघडणार कसे? प्रोटेस्टंट सेमिनरींनीही ही फारकत पाळावी.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षणातले एक सलग वर्ष मंडळीत जावे. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत दूरच्या प्रांतांतले मजूर राबतात. त्यांच्या सोबतीला त्या वर्षातला काळ जावा. विद्यार्थ्याने तिथे उपदेश कमी करावा, ऐकावे अधिक, आणि रोजची प्रार्थना मोडू देऊ नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दीक्षेआधी बिशप आणि प्राध्यापकांसोबत त्या मंडळीचेही म्हणणे ऐकले जावे, विशेषतः ज्यांना एरवी कोणी विचारत नाही त्यांचे: एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे, मजूर बाईचे, वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या घराचे. हा माणूस आमच्यात राहिल्याने आम्ही देवाच्या जवळ गेलो का, एवढेच त्यांना विचारावे. त्यांनी ‘नाही’ म्हटले, तर कितीही उत्तम गुणपत्रिका असो, दीक्षा थांबवण्याचे धैर्य चर्चने दाखवावे.