गुप्त दान आणि गुप्त देणगी



उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशा दानाची थोरवी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितली आहे. मग राजकीय पक्षाला गुपचूप दिलेला पैसाही त्याच मोलाचा ठरेल काय?

एप्रिल २०२१ आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायूसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने झोपवलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. १४ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध आले. तरावीहची नमाज आपण घरीच अदा केली. त्याच महिन्यात, १ ते १० तारखेपर्यंत, स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत निवडणूक रोखे विकले जात होते. एका रोख्याची किंमत एक हजारापासून एक कोटीपर्यंत. देणारा कोण, हे मतदाराला कळण्याची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली.

न्यायालयाने मतदाराचा माहितीचा हक्क पाहिला. शरीअत त्याआधी देणाऱ्याचा हेतू पाहते. अज्द कबिल्यातील एक माणूस जकात वसूल करून परतला आणि म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले की, हा आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? हाच प्रश्न देणगीला लावा. सत्तेची आशा नसती, तर हा पैसा त्या दारी गेला असता काय?

गुप्त दानात घेणाऱ्याची लाज राखली जाते आणि देणाऱ्याचा दिखावा मरतो. घेणारा परतफेड करूच शकत नाही. गुप्त देणगीत मात्र परतफेडीचीच अपेक्षा लपवली जाते, आणि ती परतफेड होते जनतेच्या हक्कातून. एक इख्लास आहे, दुसरी लाचेची सख्खी बहीण.

हलाल कमाईतून योग्य उमेदवाराला मदत करणे मुळात निषिद्ध नाही. परंतु ती स्वतःच्या खिशातून, नावानिशी आणि पावती घेऊन करावी. शेजाऱ्याच्या औषधाची सोय झाल्यानंतर करावी. हिजरी १८ च्या दुष्काळात लोकांना तूप मिळेपर्यंत हजरत उमर (रजि.) यांनी तुपाला स्पर्श केला नाही. संकटात खर्चाचा क्रम कसा असावा, हे त्यांनी स्वतःच्या ताटातून दाखवले.

जमातीच्या पैशाची गोष्ट याहून कठोर आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत उमेदवाराचा प्रचार नाही. आखातात राबणाऱ्या आपल्या भावाने रुग्णांसाठी पाठवलेला रुपया ही अमानत आहे. तो फलकावर, मंडपावर किंवा प्रचाराच्या गाडीवर खर्च करणे ही खियानत होय, मग उमेदवार आपल्याच मोहल्ल्याचा का असेना. म्हणून जमातीच्या विश्वस्तांनी रुग्णनिधीची वही वेगळी ठेवावी आणि तिचा हिशोब जुम्याच्या नमाजीनंतर सर्वांसमोर वाचावा.

हे अल्लाह! आमचे दान दिखाव्यापासून, आमच्या देणग्या लोभापासून आणि आमचे हात दुसऱ्याच्या अमानतीपासून सुरक्षित ठेव. आमीन.