रंग आणि राग

माझ्या भाच्याने नवी स्पोर्ट्‌स कार घ्यावयाचे ठरविले. पैसा त्याच्या स्वकष्टाचा. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण तांबडी घ्यावी की रुपेरी, या विवंचनेत त्याने तीन आठवडे घालविले आणि पांढरी सुचविणाऱ्या वडिलांशी अबोला धरला, तेव्हा मला बोलावे लागले.

संस्कृतात ‘रञ्ज्’ या एकाच धातूपासून रंग व राग हे दोन्ही शब्द होतात. राग म्हणजे तेथे वर्णही आणि आसक्तीही. मराठीत तर तो क्रोधच झाला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून क्रोधापर्यंत जी उतरण दाखविली आहे, ती आमच्या घरी तीन आठवड्यांत पुरी झाली!

शर्यतीच्या मोटारींचे रंग पूर्वी चालकाच्या आवडीचे नसत. इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा. दुरून देश ओळखू यावा, एवढाच हेतू.

मी त्याला विचारले, “अरे, आत बसल्यावर तुला हा रंग दिसणार किती?” तो हसला. म्हणजे रंग परक्या डोळ्यांसाठीच. मग कोणाचे डोळे मोजावयाचे? हेवा करणाऱ्याचे, की सांजवेळी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचे? तांबडा रंग संधिप्रकाशात काळवंडतो. पांढरा, पिवळा उठून दिसतो. सौंदर्याची आवड हा दोष मी मानीत नाही. देवालाही आपण पीतांबर निवडूनच नेसवितो.

त्याने उत्तर दिले नाही. रात्री मात्र तो वडिलांना विचारीत होता, “बाबा, पिवळी कशी दिसेल?”